न्यूफाउंडलंडच्या कॉडविषयी काही भ्रम

कोलंबसाच्याही आधी बास्क मच्छीमारांना अमेरिकेचा किनारा ठाऊक होता आणि धंद्यातले गुपित म्हणून त्यांनी तो लपवून ठेवला, ही कथा चवीने सांगितली जात असली, तरी तिला आधार होईल असा विश्वसनीय कागद कोणत्याही दप्तरात मिळालेला नाही. 1497 मध्ये जॉन कॅबट त्या किनाऱ्यावरून ब्रिस्टलला परतल्यावर मिलानच्या लंडनमधील वकिलाने, तिकडे दगड बांधलेली टोपली पाण्यात सोडली तरी मासे हाती येतात, असे आपल्या ड्यूकला कळवले. बास्क, फ्रेंच आणि पोर्तुगीज गलबतांच्या खेपा सापडतात त्या त्यानंतरच्या कागदांत.

मासा विपुल म्हणजे धंदा सुलभ, हा दुसरा भ्रम. खरी विवंचना होती ती मासा न नासता महासागरापार नेण्याची, आणि ती मिठाच्या हाती होती. पश्चिम किनाऱ्यावर मिठागरे असलेल्या फ्रेंचांनी कॉड जहाजावरच भरपूर मिठात खारवून ओलाच घरी न्यावा, आणि मिठाला महाग असलेल्या इंग्रजांनी किनाऱ्यावर उतरून, माच बांधून, तो थोड्या मिठात उन्हावाऱ्यावर सुकवावा, अशी वाटणी झाली. (वर्सोव्याला बोंबील दोरावर टांगतात, हा मासा चिरून पसरावा लागे.) त्या किनाऱ्यावर इंग्रजांचा पाय रोवला गेला त्यात आरमाराइतकाच या टंचाईचा वाटा असावा, असे मला वाटते.

यंत्रे आली आणि हाताची मासेमारी तत्काळ संपली, हेही खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात तटस्थतेची खूण म्हणून पांढरी रंगवलेली पोर्तुगीज जहाजे 1974 पर्यंत तेथे जात. पहाटे त्यांच्या डेकवर एकात एक रचलेल्या सपाट बुडाच्या होड्या, म्हणजे डोऱ्या, पाण्यात सोडल्या जात, आणि प्रत्येकीत एकटा मनुष्य, शेकडो गळांना आमिष लावलेला दोर घेऊन, थंड आणि उष्ण प्रवाहांच्या संगमावर दाटणाऱ्या धुक्यात वल्हवत दूर जाई. भरलेली डोरी परतली की काट्याने मासा वर फेकायचा, आणि मग रात्री उशिरापर्यंत चिरणे व खारवणे चाले. त्यात खारवणाऱ्याचा मान मोठा, कारण मीठ कमी पडले तर मासा कुजे आणि जास्त झाले तर करपे. अशा ठरावीक मोहिमा पुऱ्या करणाऱ्यास लष्करी चाकरी माफ असे, तेव्हा ही केवळ दर्यावर्दी हौस होती असे मानण्याचे कारण नाही.

या गळांनी कॉड संपवला नाही. ते कार्य 1954 नंतर आलेल्या, मासा पकडून जागीच गोठवणाऱ्या प्रचंड ट्रॉलरांनी केले. 2 जुलै 1992 रोजी कॅनडा सरकारने तेथील कॉड पकडण्यास मनाई केली आणि सुमारे 30,000 माणसांचा रोजगार त्या हुकमासरशी गेला.