पौर्णिमा, भरती आणि मिरवणूक : मुंबईचे सण कसे पाहावेत

समुद्रापासून पुष्कळ दूर असलेल्या एका विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, “मुंबईचे सण पाहावयाचे तर कोणत्या महिन्यात जावे?” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे नेमके उत्तर मला तत्काळ देता आले नाही. इंग्रजी महिना सांगावा तर सण त्या महिन्यात सापडेलच असे नाही. तिथी सांगावी तर मेणबत्त्यांची जत्रा आणि कलामहोत्सव हातातून निसटतात. पुढे विचार करता लक्षात आले की या शहराचा उत्सवी वर्षक्रम समजून घ्यावयाचा असेल, तर पंचांग आणि दिनदर्शिका यांच्याबरोबर आणखी एक कोष्टक जवळ ठेवावे लागते. ते म्हणजे भरती-ओहोटीचे.

किनाऱ्यावरील माणसांना ठाऊक असलेली एक गोष्ट अंतर्देशीय वाचकासाठी येथे सांगावयास हवी. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येते आणि भरती मोठी होते. तिला ‘उधाण’ म्हणतात. अष्टमीच्या आसपास ही दोन आकर्षणे काटकोनात येऊन परस्परांना उणावतात, भरती दुबळी पडते, तो ‘भांग’. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर रूढ आहे : तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडा पुढेमागे फरक पडतो, पण होडी लोटणाऱ्याचे काम त्यावर भागते. ज्या समाजाला तिथी हे घड्याळही वाटते आणि मुहूर्तही, त्याच्या सणांत समुद्र ही केवळ पार्श्वभूमी राहत नाही, हे उघड आहे.

वर्षाचा आरंभ, निदान कोळीवाड्यापुरता, श्रावणी पौर्णिमेला होतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेला दर्या या सुमारास निवळू लागतो. कोळी समाज त्याला वाजतगाजत नारळ अर्पण करतो, होड्या रंगवून सजवितो आणि मासेमारीच्या नव्या हंगामाला प्रारंभ करतो. शासनाचा नियम मात्र चंद्र पाहत नाही. यांत्रिक नौकांवरील पावसाळी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ होय. बंदी उठणे आणि नारळ पडणे यांत कधी थोड्या दिवसांचे, कधी जवळजवळ महिन्याचे अंतर पडते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. कायद्याने खुला झालेला समुद्र आणि परंपरेने खुला झालेला समुद्र यांच्यामधील हा अवकाश ज्याने पाहिला, त्याला सण म्हणजे काय याचा अर्धा उलगडा झाला असे समजावे.

तुलनेसाठी पूर्व किनाऱ्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ओडिशात कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे केळीच्या सोपटांच्या छोट्या नावा दिवे लावून पाण्यात सोडतात. त्यास ‘बोइत बंदाण’ म्हणतात. दूरच्या द्वीपांकडे व्यापारासाठी जाणाऱ्या पूर्वजांचे ते स्मरण. दोन्ही सण पौर्णिमेचे, दोन्ही पाण्याला वंदन करणारे. परंतु एक मोसमी पावसाचा जोर ओसरताना जाळे टाकण्यासाठी, तर दुसरा ईशान्येचे वारे वाहू लागल्यावर शिडे उभारण्याच्या आठवणीसाठी. वाऱ्याची दिशा बदलली की सणाचा महिना बदलतो.

नारळी पौर्णिमेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी गणेशचतुर्थी येते. सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास सर्वपरिचित आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून चालत आला आहे. त्यामानाने कमी सांगितली जाणारी बाब अशी की, शहरातील सर्वांत गर्दीच्या उत्सवाचे मूळ मासळीच्या टोपलीत आहे. लालबागच्या परिसरातील पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद पडला, तेव्हा उघड्यावर बसावे लागलेल्या कोळी स्त्री-पुरुषांनी व इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली ‘लालबागचा राजा’ स्थापन झाला. आज नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या भाविकाने हे ध्यानी घ्यावे, की हा पहिला नवस बसावयास जागा मिळावी एवढाच होता.

आता विसर्जनाकडे वळू. दीड दिवसाचा गणपती पंचमीला जातो. गौरींबरोबर जाणाऱ्या मूर्तींच्या वेळी पाणी बहुधा भांगाकडे झुकलेले असते. अनंत चतुर्दशी मात्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, म्हणजे सर्वांत मोठ्या मूर्ती आणि सर्वांत मोठी गर्दी नेमकी उधाणाच्या पाण्याला सामोरी जाते. ६ सप्टेंबर २०२५ रोजी निघालेली लालबागच्या राजाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. पाणी चढत होते. नव्या यांत्रिक तराफ्यावर मूर्ती चढविता येईना. ओहोटीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही आणि विसर्जन रात्री झाले. या विलंबाविषयी वाद पुष्कळ झाले. त्या वादात न पडता पाऊणकीचा हिशेब मांडून पाहावा : पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी किनाऱ्यावर पोहोचलेल्या मूर्तीला भरती गाठणारच होती.

परंतु मुंबईचा समुद्र एकाच धर्माच्या पंचांगावर चालत नाही. वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरीचा सण ८ सप्टेंबरचा. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते, आणि हात, पाय, घर, मूल अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू नवसापोटी वाहिल्या जातात. ही मूर्ती समुद्रात कोळ्यांना सापडली अशी कथा सांगितली जाते. मराठी भाविक तिला ‘मोत माउली’ म्हणतात. एका परभाषेतील नावाचे ‘माउली’त झालेले हे रूपांतर भाषांतराच्या अभ्यासकाने मुद्दाम टिपून ठेवावे असे आहे. डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या दर्ग्याजवळ दहा दिवसांचा मेळा भरतो, आणि तेथे चादर चढविण्याचा मान मुंबई पोलिसांचा असतो. माहिमी हे कुराणाचे भाष्यकार. विद्वानाच्या समाधीभोवती पाळणे फिरावेत आणि वर्दीतील शिपायांनी मस्तकावर चादर धरावी, हे दृश्य या शहरातच शोभते.

पावसाळा संपल्यावर उत्सवांची सूत्रे चंद्राकडून नागरी वेळापत्रकाकडे जातात. मुंबई मॅरेथॉन (२००४ पासून) जानेवारीत आणि काळा घोडा कला महोत्सव (१९९९ पासून) हिवाळ्याच्या अखेरीस होतो, याचे कारण मुख्यतः हवामान हेच आहे : उघड्या रस्त्यावर चित्रे मांडावयाची वा बेचाळीस किलोमीटर धावावयाचे, तर कोरडी हवा हवी. या महोत्सवाचे नाव ज्या पुतळ्यावरून आले, तो १९६५ मध्येच तेथून हलविला गेला. स्वाराविना उभा असलेला सध्याचा घोडा २०१७ चा. वस्तू जाते, नाव उरते आणि नावाभोवती गर्दी जमते. उत्सवाला इतके पुरते.

या सर्वांचा आनंद घ्यावा, अवश्य घ्यावा. मात्र पाहणारा आणि करणारा यांच्यातील अंतर वाढत चालले आहे, याची जाणीव त्या आनंदाला असावी. वरळीच्या कोळ्यांना किनारी मार्गाच्या पुलाखालून होड्या नेण्यासाठी खांबांमधील अंतर वाढवून मागावे लागले. प्रदीर्घ आग्रहानंतर २०२३ मध्ये ते साठ मीटरऐवजी एकशेवीस मीटर करण्याचे मान्य झाले. नारळ अर्पण करणाऱ्यालाच दर्यात जाण्याची वाट मागावी लागत असेल, तर नारळी पौर्णिमा हळूहळू केवळ प्रेक्षणीय होऊन जाईल, आणि प्रेक्षणीय सणाला तिथीची गरज उरत नाही. तो सोयीच्या कोणत्याही रविवारी साजरा करता येतो.

त्या विद्यार्थ्याला मी अखेर एवढेच सांगितले : महिना विचारू नकोस, तिथी विचार, तिला पाऊणने गुण, आणि आलेल्या वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावर जाऊन उभा राहा. मिरवणूक नंतर येईल. पाणी कसे चढते आणि ते चढताना तेथली माणसे काय करतात, ते प्रथम पाहून घे.