फाईलच्या पोटातली तारीख

जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले. असा पूर ओसरला की कोणत्याही गावात पहिले काम यादीचे असते. कुणाच्या घरात किती पाणी होते, धान्य किती भिजले, बँकेचे खाते कोणते. पूर्वी हे वहीत लिहीत, आता एक्सेलमध्ये भरतात. समजा, अशीच एक यादी दोन-तीन वर्षांनी वादात सापडली. एकजण म्हणतो, ‘ही तेव्हाची नाही, मागाहून केलीय.’ दुसरा फाईलवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडतो, आणि तिथे दिसते 2015 सालची तारीख. पुराच्या सात वर्षे आधीची! मग तर सगळेच बनावट ठरवायला वेळ लागत नाही.

आणि तरीही ती यादी अगदी खरी असू शकते. कशी, ते समजून घ्यायला फाईलचे पोट उघडावे लागते.

‘फाईलला एकच तारीख असते’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. तारखांचे दोन वेगळे संच असतात आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नसतो. पहिला संच विंडोजचा. फाईल या डिस्कवर कधी आली, शेवटची कधी बदलली, याची ती नोंद. प्रॉपर्टीजमधल्या ‘जनरल’ या पानावर हीच दिसते. दुसरा संच खुद्द फाईलच्या आत असतो आणि फाईल जाईल तिथे तिच्याबरोबर जातो. ‘डीटेल्स’ या पानावर ‘कंटेंट क्रिएटेड’ आणि ‘डेट लास्ट सेव्ह्ड’ या नावांनी तो दिसतो.

फाईल पेन ड्राइव्हवर घेतली, की विंडोजची ‘क्रिएटेड’ तारीख आजची होते, पण ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते. म्हणजे फाईल जन्मली आज आणि शेवटची बदलली दोन वर्षांपूर्वी! हे पाहून अनेकांना लबाडीचा वास येतो. तो वास नक्कल केल्याचा असतो, लबाडीचा नव्हे. घर बदलले म्हणून माणसाची जन्मतारीख बदलत नाही. विंडोज मात्र गृहप्रवेशाच्या तारखेलाच ‘क्रिएटेड’ म्हणते.

आता आतल्या तारखेकडे वळू. एक्सेलची एक्सएलएसएक्स फाईल ही खरे तर एक झिप पिशवी आहे. तिच्या नकलेचे नाव बदलून शेवटी झिप लावले, तर ती उघडते आणि आत बरेच छोटे कागद सापडतात. त्यांतल्या ‘डॉक-प्रॉप्स’ या कप्प्यात ‘कोर’ नावाची लहानशी मजकूर-फाईल असते. फाईल कुणी तयार केली, शेवटी कुणी सेव्ह केली, केव्हा केली, हे सगळे तिथे साध्या अक्षरांत लिहिलेले असते. ना कुलूप, ना मोहोर. त्यामुळे ‘आतली तारीख बदलताच येत नाही’ हा समज चूक आहे. ती बदलता येते, आणि संगणकाचे घड्याळच मागे नेऊन फाईल सेव्ह केली तर काहीच न उघडताही चुकीची तारीख बसते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला असेल, तर कुणाच्याही मनात काही नसताना फाईल कित्येक वर्षे मागे जाते. ही तारीख म्हणजे त्या यंत्राच्या घड्याळाने त्या क्षणी सांगितलेली वेळ. साक्षीदार म्हणून तिची लायकी तेवढीच.

मग ते 2015? एक्सेलने केलेल्या अनेक कोऱ्या फाईलींच्या पोटात ‘क्रिएटेड’ म्हणून 5 जून 2015 ही तारीख सापडते. त्याआधीच्या आवृत्त्यांतल्या फाईलींत 16 सप्टेंबर 2006 सापडते. छापील कोऱ्या फॉर्मवर छापखान्याची तारीख असावी, तशी ही कोऱ्या पानाची तारीख आहे. तुम्ही त्यावर यादी कधी भरली, याच्याशी तिचा संबंध नाही. शिवाय आपल्याकडे सवय अशी, की मागच्या वर्षीची यादी उघडायची, नावे पुसायची आणि ‘सेव्ह ॲज’ करून नवे नाव द्यायचे. अशा फाईलीत आतली ‘क्रिएटेड’ सहसा जुन्या यादीचीच राहते. केवळ या तारखेवरून एखाद्या ऑपरेटरला खोटे ठरवणे हा अन्याय आहे आणि तो होऊ नये, म्हणूनच हे इतक्या तपशिलाने लिहितो आहे.

एका दिवसाच्या फरकाचेही असेच. आतली वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. एक्सेल आणि विंडोज ती दाखवताना आपल्या वेळेत बदलून दाखवतात, पण ‘कोर’ फाईल थेट उघडली की कच्ची वेळ दिसते. 10 जुलैला पहाटे चारला सेव्ह केलेली यादी तिथे 9 जुलै, रात्रीचे साडेदहा अशी भेटते. रात्री जागून केलेल्या कामाची तारीख एका दिवसाने मागे सरकते आणि भांडणाला निमित्त होते.

‘नुसती उघडून पाहिली, बदल काहीच केला नाही’ हे म्हणणेही नेहमी खरे नसते. यादीच्या डोक्यावर दिनांकाच्या चौकटीत ‘टुडे’ हे सूत्र टाकलेले असेल, तर फाईल ज्या दिवशी उघडाल त्या दिवशीची तारीख तिथे येते. बंद करताना एक्सेल विचारते, बदल सेव्ह करायचे का? आपला हात सवयीने ‘सेव्ह’वर जातो. झाले. शेवटच्या बदलाची तारीख आजची, शेवटी सेव्ह करणाऱ्याचे नाव तुमचे, आणि यादीवरचा दिनांकही आजचा. दिनांक हाताने टंकावा, सूत्राने आणू नये.

व्हॉट्सॲपवरून पाठवले की आतले सगळे पुसले जाते, असेही पुष्कळ लोक मानतात. नेहमीसारख्या पाठवलेल्या फोटोंच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली एक्सेल फाईल मात्र पोटातल्या नावा-तारखांसह जशीच्या तशी पोचते.

आता उलट बाजूचा भ्रम. ‘आतली तारीख बदलली की विषय संपला, कुणाला कळणार?’ मागची तारीख टाकून बॉन्ड पेपरवर करार करणाऱ्यांनाही असेच वाटत असते. पण फाईलीत तारखेशिवाय इतर खुणा असतात. सूत्रे कोणत्या क्रमाने मोजायची, याची एक वेगळी यादी एक्सेल त्याच झिप पिशवीत ठेवते, तिला ‘कॅल्क चेन’ म्हणतात. ओळी नंतर हलवल्या तरी जुन्या क्रमाचा माग तिच्यात उरू शकतो. जून 2023 मध्ये ‘डेटा कोलाडा’ या नावाने लिहिणाऱ्या तीन संशोधकांनी 2012 सालच्या एका गाजलेल्या शोधनिबंधाची एक्सेल फाईल अशीच उघडली आणि काही ओळी मूळ जागेवरून हलवल्या गेल्याचे पुरावे मांडले. त्या फाईलीवरची तारीख त्यात कुठेच महत्त्वाची नव्हती. शिवाय फाईल ईमेलने गेली असेल, तर तिची एक प्रत आणि पाठवल्याची वेळ दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते, तिथे आपला हात पोचत नाही. आणि फसवण्याच्या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद बदलणे हा कायद्याने कागद बदलण्याइतकाच गुन्हा आहे.

न्यायालय अशा नोंदींकडे कसे पाहते, याचा धडा मराठवाड्यातूनच देशाला मिळाला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्ज भरण्याची मुदत 27 सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे अर्ज तीननंतर दाखल झाले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण सीडीवर होते, पण त्यासोबत पुरावा कायद्याच्या कलम 65ब चे प्रमाणपत्र नव्हते. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुराव्यात द्यायची तर हे प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच न्यायालयात आणून ते आपले असल्याचे मालकाने शपथेवर सांगितले, तर त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम 63 मध्ये आली आहे, आणि तिथल्या प्रमाणपत्रात फाईलचे ‘हॅश’ लिहावे लागते.

हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. विंडोजमधली ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा तो फुकट काढून देते. एसएचए-256 पद्धतीचा ठसा 64 अक्षरांचा असतो. यादीतल्या एका माणसाचे एक पोते बदलले, तरी पूर्ण ठसा बदलतो. मात्र ठसा तारीख सांगत नाही. तो त्या दिवशी दुसऱ्याच्या दप्तरात नोंदवला गेला, तरच तारखेला आधार मिळतो.

म्हणून गावपातळीवर यादी पूर्ण झाली, की त्याच दिवशी ती ईमेलने संबंधित कार्यालयाला पाठवावी. छापील प्रतीवर सही करून ती आवक नोंदवहीत चढवावी, क्रमांक घ्यावा, पोच जपावी. ती 64 अक्षरे छापील प्रतीच्या तळाशी आणि जमल्यास ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहावी. मूळ फाईल वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि कुणी बघायला मागितली, तर तिची नक्कल करून नक्कलच उघडावी.