मेपलची झोप, माळव्याची थंडी

बोन्सायसाठी वाढवलेले जपानी मेपलचे कोवळे रोप हिवाळ्यात कसे सांभाळावे, याबद्दल थंड देशांतली माणसे जे सांगतात ते बहुतेक गारठ्यापासूनच्या बचावाबद्दल असते. त्यांचे बरोबरच आहे. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना मातीचे पांघरूण असते, कुंडीतल्या मुळांना थंडी चारी अंगांनी भिडते. या मेपलच्या फांद्या उणे वीस अंशांखालीही तगतात, पण मुळे उणे दहाच्या आसपासच मरू लागतात. म्हणून तिथे कुंड्या काठापर्यंत जमिनीत पुरतात, वरून वाळल्या पानांचा थर देतात किंवा त्या न तापवलेल्या खोलीत हलवतात.

उज्जैनच्या माधव नगरातल्या गच्चीवर यातले काहीच करावे लागत नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचे नाव मिरवणाऱ्या या वस्तीत, म्हणजेच फ्रीगंजात, जानेवारीची पहाट सरासरी नऊ-दहा अंशांची असते, दुपार पंचवीसच्या पुढे जाते. रोपाला इथे थंडी बाधत नाही. त्याला ती पुरत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

मेपल शरद ऋतूत पाने गाळतो तेव्हा त्याच्या डोळ्यांना जणू कुलूप लागते. मध्येच चार दिवस ऊब आली म्हणून डोळे फुटू नयेत, ही त्यामागची सोय. ते कुलूप उघडायला उन्हाचा उपयोग नसतो, साचत गेलेली थंडी लागते. बागायतीत शून्य ते सात अंशांमधले तास मोजतात, आणि या मेपलसाठी ढोबळ हिशेब सुमारे हजार तासांचा धरतात. जपानात क्योटोच्या जानेवारीची सरासरी पाच अंशांच्या आसपास असते. तिथे हे तास आपोआप भरतात. उज्जैनात थंडीची लाट आली तरी पहाटेचे काही तासच पदरात पडतात.

शिवाय झाड उजेडही मोजते. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात क्षिप्राकाठी उभारलेली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली वेधशाळा माधव नगरपासून लांब नाही. तिथल्या शंकुयंत्राची माध्यान्ह सावली २२ डिसेंबरच्या सुमारास वर्षातली सर्वांत लांब असते. त्या दिवशी उज्जैनात १० तास ४१ मिनिटे उजेड असतो, क्योटोत सुमारे ९ तास ४८ मिनिटे. म्हणजे निजायची खूणही इथे मेपलला पुसटच मिळते. मग काठाने करपलेली जुनी पाने जानेवारीतही फांदीला लटकत राहतात, वसंतात एखादा डोळा फुटतो, बाकीचे मुके राहतात. अशा अर्धवट निजलेल्या रोपावर एप्रिलचे ऊन आणि मेमधली लू येते. रोप मेमध्ये मेले की दोष उन्हाला दिला जातो. माझ्या मते ते डिसेंबरातच हरलेले असते.

झाडाची विश्रांती हा विषय मराठी शेतकऱ्याला परका नाही. डाळिंबाचे पाणी तोडून तो बागेला ताण देतो आणि मृग, हस्त किंवा आंबे बहार हवा तसा धरतो. थंड मुलुखात हिवाळाभर निजणारी द्राक्षवेल नाशिकला निजत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे बुद्धीचे मोठे काम आहे. पण त्यावरून मेपललाही ताण द्यावा असे वाटले, तर तो मोह आवरा. पाणी तोडल्याने थंडीचे तास भरत नाहीत, उथळ कुंडीतली बारीक मुळे तेवढी सुकतात. आणि ते विषारी रसायन घरच्या गच्चीवर आणूच नये.

एक उपाय उरतो, तो म्हणजे फ्रिज. पाने गळलेल्या रोपाला उजेड लागत नाही, म्हणून हे जमते. नोव्हेंबरपासून नत्राचे खत बंद करावे, कुंडी रात्री उघड्या आकाशाखाली राहू द्यावी. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पाने पिवळी-तांबडी होऊनही गळली नाहीत, तर देठ ठेवून पाते कापावे. माती ओलसर असावी, चिंब नको. रोप भोके पाडलेल्या पिशवीत घालून तीन ते पाच अंशांच्या कप्प्यात ठेवावे. त्या फ्रिजमध्ये सफरचंद-केळी नकोत, कारण पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांना बाधतो. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बुरशी पाहावी. साठ दिवसांचे १,४४० तास होतात.

फेब्रुवारीच्या मध्याला रोप बाहेर काढले की उज्जैनची दुपार तापायला लागलेली असते. मार्चपासून सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर शेडनेट. कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधे ओली वाळू भरावी, म्हणजे मुळे गार राहतात. माळव्याची काळी माती चिकट, मेपलला ती गुदमरवते. विटांचा चाळलेला चुरा, बारीक खडी आणि थोडे पालाखत बरे. बोअरचे पाणी जड असेल तर साठवलेले पावसाचे वापरावे.

हे सगळे केले तर रोप जगू शकते. पण फ्रिजमध्ये मावते ते रोप, वामनवृक्ष नव्हे. खोड मनगटाएवढे झाले, तबक दीड फुटांचे झाले, की ते कुठल्या कप्प्यात ठेवणार? बोन्साय पिढ्यान् पिढ्या सांभाळायचा असतो, आणि आपण त्याच्या फक्त बालपणाची सोय केलेली असते. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले चांगली माती, पाणी आणि हवा शोधत ओमियाला गेले. १९२५ साली त्यांनी तिथे बोन्सायचे गावच वसवले. झाडांसाठी माणसे हलली.

परके झाड लावूच नये, असे मी म्हणत नाही. मांडूची खुरासानी इमली, म्हणजे गोरखचिंच, आफ्रिकेतून आलेली. ती माळव्यात शतकानुशतके उभी आहे, कारण तिची झोप कोरड्या ऋतूची आहे आणि तो ऋतू इथे भरपूर आहे. तिचा वामनवृक्षही होतो. मेपलच हवा असेल तर ऊन जास्त सोसणारा त्रिदळी मेपल किंवा हिमालयाच्या पायथ्याचा, जवळजवळ सदाहरित असा अ‍ॅसर ऑब्लाँगम आधी पाहावा. वडाला तर थंडीची झोपच लागत नाही, आणि सिद्धवट हा पवित्र वड मिरवणाऱ्या उज्जैनात वड तबकात वाढवण्यात कमीपणा कसला?

तरीही मन मेपलवरच असेल, तर एक करा. या डिसेंबरात गच्चीवर तापमापक लावा. पारा रात्री किती वाजता सात अंशांखाली गेला आणि सकाळी कधी वर आला, ते वहीत लिहा. फेब्रुवारीअखेर तासांची बेरीज करा, आणि ती पाहूनच रोप मागवा.