पोकलेनची पारदर्शक ढाल

पोकलेनच्या ब्रेकरखालून उडालेला दगड चालकाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तो केबिनच्या खिडकीमुळे. जोखमीच्या कामांत ही खिडकी पॉलिकार्बोनेटची असते. हे प्लास्टिक काचेच्या निम्म्या वजनाचे, पण आघात सोसण्यात कितीतरी सरस. मात्र त्यावर ओरखडे चटकन उमटतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे वाळूने घासणेच! आधी भरपूर पाणी ओतावे, मग सौम्य साबण व मऊ सुती कापड वापरावे. पेट्रोल, थिनर वर्ज्य. त्यांनी सूक्ष्म तडे जातात. तावदान धुरकटले वा बोल्टभोवती चिरले, तर ते बदलावेच. उष्णतेने हे प्लास्टिक काचेहून अधिक प्रसरण पावते. म्हणून नव्या तावदानाची छिद्रे बोल्टपेक्षा किंचित मोठी ठेवावीत. चालकाला स्पष्ट दिसले, तरच यंत्राजवळचा मजूरही सुरक्षित राहतो.