पहिलं इंजिन साधंच हवं

सापगावकरांचं स्टेशन आसनगाव. तिथून पुढे कसाऱ्याचा रस्ता धरला की रेल्वेचा थळ घाट येतो. १८६५ साली खुल्या झालेल्या या घाटात दर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, म्हणून गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. १९२८ पासून आलेली जीआयपी रेल्वेची विजेची इंजिनं ‘खेकडा’ नावानं प्रसिद्ध झाली. एकूण ४१ होती. त्यांतलं ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. या भागातल्या कुणाला पितळी मॉडेल इंजिन स्वतः जोडायची हौस आली, तर पहिलं बोट खेकड्यावरच पडणार. तिथंच हात आवरावा.

पितळी किट म्हणजे तयार खेळणं नव्हे. डब्यात असतात पातळ पितळी पत्रे. पत्र्यावर भागांचे आकार छापतात आणि नको असलेला धातू फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाला खाऊ घालतात. दोन्ही बाजूंनी खाल्लं की भाग सुटा होतो. एकाच बाजूनं खाल्लं की अर्ध्या जाडीची रेघ उरते. पत्रा तिच्यावर दुमडायचा, रेघ आतल्या अंगाला ठेवून. रिव्हेटच्या जागी पत्र्याच्या मागे बारीक खळगे असतात. बोथट टोकानं ते हलकेच दाबले की पुढे टपोरे रिव्हेट उठतात. हे काम दुमडण्याआधी उरकावं, नंतर हत्यार आत शिरत नाही.

जोडणी सोल्डरची. त्यातलं तत्त्व कल्हईवाल्याचंच: पृष्ठभाग लख्ख हवा आणि मळी कापायला काहीतरी हवं. तो नवसागर वापरतो, इथं सौम्य फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स चालतो. काम झालं की भाग पाण्यानं धुवावा, नाहीतर पितळ हिरवं पडतं. पितळ उष्णता भराभर पळवतं, त्यामुळे रेडिओदुरुस्तीची २५ वॉटची आयर्न अपुरी पडते. ५० वॉटची घ्यावी.

खरी परीक्षा चाकांची. चाकं एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंग रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि चासीवरच्या आसांमधलं अंतर तंतोतंत जुळलं पाहिजे. डाव्या-उजव्या क्रँकमध्ये ९० अंशांचा फरक सगळ्या आसांवर सारखा हवा. एक आस जरी चुकला तरी इंजिन लंगडतं. मोटर बसवण्याआधी चासी काचेवर ढकलून पाहावी; अडकली तर दोष तिथंच शोधावा.

खेकड्याला जोडचाकांचे असे सहा-सहाचे दोन संच असतात, वर तीन तुकड्यांत वळणारं अंग. माथेरानच्या १९०७ च्या गाडीचं ऑरेन्स्टाइन अँड कोपेल इंजिन दिसायला चिमुकलं, पण वळणांसाठी त्याचे टोकाचे आस बाजूला सरकतात. पहिल्यांदा घ्यावं ते सहा चाकांचं साधं टँक इंजिन: सिलिंडर चासीच्या आत, बाहेर फक्त कपलिंग रॉड, पाण्याच्या टाक्या सरळ पेटीसारख्या, बॉयलर आधीच गोल वळवलेला. त्याचा एकच संच नीट फिरवता आला की खेकड्याचे दोन संच आवाक्यात येतात.

मापाचाही हिशेब करावा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एकास ८७ या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो, पण बाजारातले याच प्रमाणाचे एचओ रूळ साडेसोळाचे, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या गेजचे. तेव्हा ‘भारतीय’ इंजिन घेताना रूळ स्वतः टाकणार की तडजोड करणार, हे आधी ठरवावं. मॉडेल रेल्वे चालताना पाहायची असेल, तर भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं पुण्याचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून खुलं आहे.

किंमत पाहून भुलू नये. बहुतेक किटमध्ये चाकं, मोटर आणि गिअरबॉक्स नसतात, आणि परदेशी मालावर टपालखर्च व सीमाशुल्क चढतं. चिमणी, घुमट असे ओतीव भाग कशाचे आहेत तेही विचारावं. व्हाइटमेटलचे असले तर गरम आयर्न लागताच वितळतात, त्यांना ७० अंशांवर वितळणारं सोल्डर लागतं. शेवटी जोडणीची पुस्तिका मागवून वाचावी. चासी कशी जुळवायची हे तिच्यातून डोक्यात शिरलं नाही, तर किट कितीही देखणं असो, पैसे खिशातच ठेवावेत.