सदरातलं सॅव्हॉय

नागपूरच्या प्रताप नगरात पोराच्या शाळाप्रवेशाची चर्चा निघाली की ‘एसएफएस’चं नाव येतंच. शाळा जवळ नाही, पार सदरात. व्हॅनचं भाडं परवडायला हवं, पोराला अंधारात उठवायला हवं, तरीही नाव येतंच. एसएफएस म्हणजे इंग्रजी, शिस्त आणि फादर, हे समीकरण आपल्याकडे कित्येक पिढ्यांपासून पक्कं बसलेलं आहे. पण ही तीन अक्षरं ज्याच्या नावाची, तो संत फ्रान्सिस डी सेल्स फ्रेंचमध्ये लिहिणारा माणूस होता. त्याच्या नावाचा संघ घेऊन जे पहिले पाद्री कामठी-नागपूरकडे आले, त्यांचीही घरची भाषा फ्रेंचच होती. नागपुरात फ्रान्स आला, पण इंग्रजीचा सदरा घालून आला. त्यामुळे तो कुणाला ओळखू आला नाही.

सॅव्हॉय हा आल्प्सच्या डोंगरांतला मुलूख. आज तो फ्रान्सच्या पूर्व टोकाला आहे, एका बाजूला स्वित्झर्लंड आणि दुसरीकडे इटली. ॲनसी हे तिथलं तळ्याकाठचं गाव. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस डी सेल्स जिनिव्हाचे बिशप होते, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या हातात गेलेलं असल्यामुळे बिशपची गादी ॲनसीत होती. त्याच ॲनसीत १८३८ मध्ये पिएर-मारी मेर्मिए या धर्मगुरूंनी संताच्या नावानं एक संघ काढला. डोंगरातल्या खेड्यापाड्यांत फिरून प्रवचनं करायची, एवढं मुळातलं काम. पण सात वर्षांच्या आत या लहानशा संघावर भारतातली कामगिरी येऊन पडली.

१८४५ मध्ये सहा जण निघाले. मार्तां, लाव्होरेल, तिसो आणि तेव्हने हे चार धर्मगुरू. कार्तों आणि फोंतानेल हे संघातले दोन धर्मबंधू. सुवेझचा कालवा व्हायला अजून चोवीस वर्षं अवकाश होता. सप्टेंबरात ते पाँडिचेरीला उतरले आणि १८४६ च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमला पोचले. त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख समुद्रकिनाऱ्यापासून थेट नागपूरच्या बाजूपर्यंत पसरलेला होता. विशाखापट्टणम ते नागपूर आजच्या रस्त्यानं आठशे किलोमीटरच्या आसपास भरतं. मध्ये जंगल, नद्या आणि हिवताप.

आणि ते तेव्हा फ्रान्सचे नागरिकही नव्हते. सॅव्हॉय त्या काळी सार्डिनियाच्या राजाचा मुलूख होता. १८६० मध्ये तूरिनचा तह झाला, सार्वमत घेतलं गेलं आणि सॅव्हॉय फ्रान्सला जोडला गेला. इकडे भारतात बसलेले पाद्री बसल्या जागी फ्रेंच झाले. नागपूरकराला याचं नवल वाटायचं कारण नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि महाल वस्तीतली माणसं घर न सोडता कंपनी सरकारची रयत झाली. पुढच्या शंभरेक वर्षांत याच शहरानं मध्य प्रांत, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा पाट्या बदलल्या.

हे पाद्री आले तेव्हा नागपुरात भोसल्यांची गादी शाबूत होती, आणि गोऱ्यांचा खरा मुक्काम कन्हानकाठी कामठीला होता. कामठीची छावणी १८२१ ची. ती मद्रासच्या फौजेची होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय ही गोष्ट उलगडत नाही. फौजेबरोबर दक्षिणेतून तमिळ आणि तेलुगू माणसं आली, शिपाई आले, स्वयंपाकी आले, कंत्राटदार आले. कामठीत मुदलियार आडनाव अजून भेटतं ते त्यामुळे. गोऱ्या शिपायांत आयरिश पुष्कळ आणि आयरिश म्हणजे बहुतेक कॅथलिक. त्यांना मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, हवी होती, लग्नं लावणारा हवा होता, मरताना शेजारी कुणीतरी फादर हवा होता. या गोऱ्या शिपायांशी फ्रेंच बोलून काय उपयोग? सॅव्हॉयच्या डोंगरातल्या माणसांना इंग्रजी जवळ करावी लागली ती इथे, छावणीत. नागपूरच्या पुढच्या दीडशे वर्षांच्या ‘कॉन्व्हेंट’ संस्कृतीचं मूळ मला या आयरिश शिपायांत दिसतं.

सॅव्हॉय आणि मराठे यांची गाठ मात्र त्याही आधीची. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्यानं उभ्या केल्या तो डी बॉयन फ्रेंच म्हणून इतिहासात खपतो. तो शाँबेरीचा, म्हणजे सॅव्हॉयचाच, जन्म १७५१. हिंदुस्थानात त्यानं अफाट पैसा केला, परत गेला आणि गावाला सढळ हातानं दिला. शाँबेरीच्या चौकात त्याच्या नावाचं कारंजं आहे. चार हत्ती चार दिशांना तोंड करून उभे, प्रत्येकाचा पुढचा अर्धाच भाग, मागचं अंग मधल्या खांबात गडप. गावकऱ्यांनी त्या हत्तींना ‘ढुंगण नसलेले चौघे’ असं नाव ठेवलंय. हे कारंजं उभं राहिलं १८३८ मध्ये, ज्या वर्षी ॲनसीत मेर्मिएंचा संघ निघाला त्याच वर्षी. शिंद्यांच्या पैशाचे हत्ती शाँबेरीत उभे राहत होते, आणि आजच्या तासा-दोन तासांच्या वाटेवर, शेजारच्या गावात मराठी मुलखाकडे येणाऱ्या पाद्र्यांची जमवाजमव सुरू होती. डी बॉयननं इथून नेलं आणि पाद्र्यांनी तिथून आणलं, असा हिशेब मांडायचा मोह होतो, पण तो फार सोपा होईल. पाद्री काही दानधर्म करायला आले नव्हते. ते धर्मप्रसाराला आले होते आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि तीन वर्षांनी, १८७० मध्ये, सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा सुरू झाली. मुलींसाठी सेंट जोसेफ संघाच्या भगिनी होत्या. या संघाच्या ॲनसीच्या शाखेतल्या पहिल्या भगिनी १८४९ मध्ये यानमला, म्हणजे गोदावरीच्या मुखाशी असलेल्या फ्रेंच वसाहतीत, उतरल्या होत्या. नागपूरच्या आणि कामठीच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटचं कूळ या परंपरेतलं.

१८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप आलेक्सी रिकाझ, मग पेल्वा, मग क्रोशे, मग बोनाव्हेंचर, मग कोपेल आणि शेवटी गाये. सगळे मेर्मिएंच्या संघाचे. कोपेल तर १९०७ पासून १९३३ पर्यंत. टिळक मंडालेला जाऊन आले, नागपूर काँग्रेसचं १९२० चं अधिवेशन झालं, झेंडा सत्याग्रह झाला, आणि या साऱ्या काळात सदरातला फ्रेंच बिशप तोच. याच सुमाराला मायदेशी उलटी गंगा वाहत होती. १९०४ च्या कायद्यानं फ्रान्सनं धर्मसंघांना शाळेत शिकवायला बंदी केली. जे काम पॅरिसच्या सरकारला नको झालं होतं, ते इंग्रजांच्या राज्यात, मध्य प्रांताच्या राजधानीत बिनबोभाट चाललं होतं.

आज सदर-मोहन नगरच्या या पट्ट्यात गेलं की कॅथेड्रल, शाळा, आर्चबिशपांचं निवासस्थान असं सगळं एकमेकांच्या हाकेवर आहे. सदर म्हणजे गर्दी, हॉटेलं, कपड्यांची दुकानं, उड्डाणपुलाची सावली. दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला रस्त्यावर उभं राहावं. व्हॅनवाले काका मुलांची नावं घेऊन हिंदीत ओरडत असतात, एखादे आजोबा नातवाचं दप्तर खांद्यावर घेऊन मराठीत विचारतात, “डबा खाल्ला का बे पूर्ण?” आणि नातू ‘या ग्रँडपा’ न म्हणता अस्सल नागपुरी हिंदीत उत्तर देतो. पोरांच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर ॲनसीच्या संताचं नाव असतं. त्यातल्या कुणाला ॲनसी कुठे आहे ते ठाऊक असेल, अशी अपेक्षा मी करत नाही. शिक्षकांकडून मात्र करतो.

फ्रेंच बिशपांचा काळ १९५० मध्ये संपला. त्यानंतर आलेले युजीन डिसूझा याच संघाचे, पण भारतीय. १९५३ मध्ये नागपूरला आर्चबिशपची गादी मिळाली आणि डिसूझा पहिले आर्चबिशप झाले. पुढे भोपाळला गेल्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत रोमच्या कारभारशाहीला सडेतोड बोलणारा आर्चबिशप म्हणून त्यांचं नाव झालं.

त्यांच्या नागपूरच्या कारकिर्दीतच मिशनऱ्यांवर मोठं वादळ आलं. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. राजधानी नागपूर, आणि अध्यक्षही नागपूरचेच, उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ च्या अहवालात समितीनं, ज्यांचा मुख्य उद्देश धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस केली. त्या अहवालावर अजून भांडणं होतात. पण नियोगींनी त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांबरोबर दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे त्या भांडणात कुणी सांगत नाही. धर्म बदलावा का, कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न प्रताप नगरातून शहरात जाताना वाटेवर लागणाऱ्या त्या स्तूपापाशी इतका सोपा राहत नाही. आणि त्याच १९५६ मध्ये एसएफएस कॉलेज निघालं.

हे कॉलेज सेमिनरी हिल्सवर. टेकडीला नाव मिळालं ते तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे, धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयामुळे. पहाटे टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची रीघ असते. जॅपनीज गार्डनची फेरी, मग खाली तर्री-पोहे. सुटीच्या दिवशी पोरांसाठी बालोद्यान. सरकारी कार्यालयं, वनखात्याची झाडी, मोर. शहरातली ही सर्वांत मोकळी हवा ज्या नावाखाली आपण घेतो, ते नाव पाद्र्यांच्या शाळेचं आहे, हे फिरणाऱ्यांच्या गावीही नसतं. नसलं तरी बिघडत नाही. गावात मुरलेली नावं अशीच असतात.

परदेशी जाऊन वसलेल्या लोकांचा वारसा शोधायचा तर आपण आडनावं शोधतो, घरं शोधतो, स्वयंपाकघरात डोकावतो. इथे त्यातलं काहीच सापडत नाही. ब्रह्मचारी माणसांना वंशज कुठून असणार? तिसो किंवा तेव्हने आडनावाचं घर नागपुरात नाही. त्यांचे वारस म्हणजे संघातले आजचे फादर, आणि ते बहुतांशी भारतीय आहेत. आता तर प्रवाह उलटा झालाय. ज्या फ्रान्सनं पाद्री पाठवले, तिथल्या चर्चमध्ये धर्मगुरूंची वानवा आहे आणि या संघाचे भारतीय फादर तिकडे जाऊन मिसा म्हणतात.

माझी एक तक्रार आहे. पुण्याला आलेल्या फ्रेंचांनी मराठीकडे तोंड केलं. गी द्यूलरींनी विठोबाच्या संप्रदायावर ग्रंथ लिहिला आणि तुकाराम फ्रेंचमध्ये नेला. गी पॉतव्हँ यांनी हेमा राईरकरांबरोबर जात्यावरच्या ओव्या हजारोंनी गोळा केल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २००४ मध्ये इथेच देह ठेवला. त्यांच्या कामाशिवाय आज मराठी बाईच्या मौखिक कवितेचा अभ्यास सुरूच होत नाही. नागपूरची मंडळी त्यांच्या शंभर वर्षं आधी आली, संख्येनं जास्त होती, मुलखात जास्त खोल गेली. पण शहराला त्यांनी दिली ती इंग्रजी. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. छावणीला इंग्रजी हवी होती, मग रेल्वेतल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांना हवी होती, मग वकिलांना, आणि मग आपल्याला. आपण मागितलं तेच त्यांनी पुरवलं.

फ्रान्सचा दुसरा हप्ता अलीकडचा, आणि त्यात धर्म नाही. २०१२ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम ज्या ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे गेलं, तिच्यात विश्वराज समूहाबरोबर व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी होती. तिचं मूळ १८५३ मध्ये, तिसऱ्या नेपोलियनच्या काळात निघालेल्या पाणी कंपनीत आहे. मेट्रोसाठी २०१६ मध्ये फ्रान्सच्या विकास संस्थेनं १३ कोटी युरोचं कर्ज दिलं. मिहान या औद्योगिक पट्ट्यात २०१७ साली दासो या फ्रेंच विमान कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि फाल्कन विमानांचे सुटे भाग तिथे होऊ लागले. मिहान प्रताप नगरपासून फार लांब नाही. तिथे नोकरीला जाणारा एखादा शेजारी आता फ्रेंचचा क्लास लावतो. एसएफएसमध्ये शिकलेला असूनही त्याला ती भाषा फी भरून शिकावी लागते.

हे सगळं पाहायला जायचं असेल तर छत्रपती चौकातून मेट्रोची ऑरेंज लाइन पकडावी. कर्जातले युरो याच मेट्रोत गेले आहेत. कस्तुरचंद पार्क किंवा गड्डीगोदामला उतरलं की सदर जवळच. कॅथेड्रलमध्ये मिसा चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसावं, फोटो नंतर काढावेत. कामठीसाठी ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो किंवा बस. छावणीचा भाग लष्कराचा आहे, तेव्हा कॅमेरा खिशातच बरा.

दिवस निवडायचा असेल तर २४ जानेवारी निवडावा, तो संत फ्रान्सिसचा सणाचा दिवस. तरुणपणी प्रोटेस्टंट गावांत लोक प्रवचनाला येईनात, म्हणून हा माणूस आपलं म्हणणं कागदावर उतरवून पत्रकं लोकांच्या दाराखालून आत सरकवायचा. त्या उद्योगापायी १९२३ मध्ये पोपनं त्याला लेखकांचा आणि पत्रकारांचा पालक संत ठरवलं. नागपुरात इतकी वर्तमानपत्रं निघतात, पण त्या दिवशी सदरात हजेरी लावलेला बातमीदार अजून माझ्या पाहण्यात नाही.