सयाजीराव नावाचा घोडा

अमरावतीच्या राजापेठेत राहणाऱ्या मुलांना तळेगाव दशासरचा शंकरपट ठाऊक असेल. पटासाठी गोऱ्हा निवडताना जाणता शेतकरी त्याचे पाय पाहतो, छाती पाहतो आणि त्याच्या आईबापांचीही चौकशी करतो. शर्यतीच्या घोड्यांत तर वंशाला याहूनही अधिक मान असतो. थरोब्रेड जातीच्या प्रत्येक घोड्याची वंशावळ नोंदवहीत लिहून ठेवलेली असते.

या जातीचे एक शिंगरू १९४४ साली इंग्लंडात जन्मले. त्याचा बाप निअर्को. चौदा शर्यती धावून तो एकदाही हरला नव्हता. आईचे नाव रोझी लेजंड. दान्ते हा त्याचा सख्खा थोरला भाऊ. दान्ते लहान असताना विक्रीस आणला, तेव्हा ३,५०० गिनी द्यावयासही कोणी पुढे आले नव्हते. त्याच दान्तेने १९४५ मध्ये इंग्लंडची डर्बी जिंकली! मग काय विचारता? त्याच वर्षी धाकट्या भावाचा लिलाव झाला आणि बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी त्याच्यासाठी २८,००० गिनी मोजल्या. एक वर्षाच्या शिंगराला तोवर तेथे इतकी किंमत कोणी दिली नव्हती.

महाराजांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले : सयाजीराव. हे आजोबा मूळचे नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावच्या शेतकरी घरातले. दत्तक जाऊन ते राजे झाले. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आपल्या नावाच्या घोड्यावर झालेला हा खर्च त्यांना रुचला असता का, अशी शंका मनात आल्यावाचून राहत नाही.

घोड्याचा मात्र त्यात काय दोष? भाऊ जिंकला म्हणून हाही जिंकेल, अशी हमी कोणतीही वंशावळ देत नाही. शिवाय डर्बीसारख्या शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच असतात. आयुष्यात ती संधी एकदाच मिळते. १९४७ च्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला. त्यानंतर त्याने आयर्लंडची डर्बी जिंकली. उरली होती सेंट लेजर. ही शर्यत पावणेदोन मैलांहून अधिक लांबीची असल्यामुळे तीत वेगाइतकाच दमही लागतो. सप्टेंबर महिन्यात, भारत स्वतंत्र होऊन पुरता महिनाही झाला नव्हता तेव्हा, डाँकास्टर येथे ती झाली. एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन स्वार सयाजीरावाच्या पाठीवर होता. आर्बार नावाच्या घोड्याला मागे टाकून त्याने ती जिंकली. दोघांत अंतर होते केवळ एका डोक्याचे!

पुढे सयाजीरावाला पैदाशीसाठी ठेवण्यात आले. १९६४ साली त्याचा मुलगा इंडियाना याने तीच सेंट लेजर जिंकली. बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.